अनलिस्टेड शेअर घ्यायचाय, पण उद्या विकायला गिऱ्हाईक मिळेल का?

मिरज_कृष्णाकाठ:

नमस्कार मंडळी. प्रश्न जरा लांब आहे पण सगळं नीट सांगितलं नाही तर उत्तरंही अर्धवट येतील म्हणून पहिल्यापासून लिहितो.

मी मिरजेचा, नोकरी सांगलीला. वडील मागच्या वर्षी रिटायर झाले आणि आता त्यांची साडेचार लाखांची एफडी मॅच्युअर झालीय. मी गेली सहा वर्षं शेअरमध्ये थोडंफार करतो, म्युच्युअल फंड आणि दहाबारा मोठ्या कंपन्या, त्यामुळे वडील म्हणाले यातले दीडेक लाख तू कुठेतरी लाव, बाकीचे परत एफडीत टाकू.

आता मुद्दा. पुण्याच्या एका डीलरच्या व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये मी आहे, रोज सकाळी अनलिस्टेड शेअर्सची, म्हणजे शेअर बाजारात नोंद नसलेल्या कंपन्यांच्या शेअर्सची, रेट लिस्ट येते, चाळीसपन्नास नावं असतात. त्यात एक नाव बघून मी चमकलो कारण ती कंपनी आमच्याच भागातली आहे, कास्टिंग बनवते, आणि माझ्या मामांनी तिथे २२ वर्षं काम केलंय. कंपनीचं नाव इथे मुद्दाम लिहीत नाही. मामा म्हणतात माल चांगला जातो, पगार कधी एक दिवस उशिरा झाला नाही, मालक स्वतः सकाळी आठला शॉपवर हजर. लिस्टमध्ये भाव आहे ३१०. डीलरने दोन वर्षांपूर्वीचा ॲन्युअल रिपोर्ट पाठवला त्यात ईपीएस (एका शेअरमागचा वर्षाचा नफा) २७, बुक व्हॅल्यू (एका शेअरमागची कंपनीची निव्वळ मालमत्ता) ४८०, डिव्हिडंड ६ रुपये. म्हणजे साडेअकराचा पीई (भाव भागिले ईपीएस) आणि बुकच्या खाली मिळतोय. लिस्टेड फाउंड्री कंपन्या यापेक्षा कितीतरी महाग आहेत. डीलर म्हणतो वर्ष दीड वर्षात आयपीओचे, म्हणजे शेअर बाजारात आणायचे, कागद दाखल होणार, ६०० च्या खाली येणारच नाही. कमीत कमी ५०० शेअर घ्यावे लागतात, म्हणजे १,५५,००० रुपये, आणि पैसे आधी पाठवायचे, शेअर दुसऱ्या दिवशी डीमॅटला येतात म्हणे.

मला विचारायचंय की हे कायदेशीर आहे का, शेअर नेमके कसे येतात, टॅक्सचं काय, आणि मुख्य म्हणजे हा ३१० भाव खरा आहे हे कसं ओळखायचं कारण कुठल्याच ॲपवर दिसत नाही. पैसे वडिलांचे आहेत म्हणून इतकं विचारतोय. कृपया अनुभवी लोकांनी सांगा.

———

जुना_रिंगवाला_पुणे:

तुमच्या शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो कारण खरा प्रश्न तोच आहे.

३१० हा भाव नाही. तो डीलरने तुम्हाला सांगितलेला आकडा आहे. भाव कशाला म्हणायचं, तर ज्या किमतीला आत्ता या क्षणी घेणाराही उभा आहे आणि देणाराही उभा आहे त्याला. मी सदाशिव पेठेत पुणे स्टॉक एक्स्चेंज होतं तेव्हापासून या धंद्यात होतो. रिंगमध्ये, म्हणजे सौद्यांच्या हॉलमध्ये, जॉबरला (स्वतःच्या पैशाने घेणारा आणि देणारा) भाव विचारला की तो दोन आकडे सांगायचा, घेतो इतक्याला देतो इतक्याला, आणि तुम्ही घेणार की विकणार हे त्याला आधी माहीत नसायचं. त्यामुळे त्याला प्रामाणिक राहावंच लागायचं. तुमच्या डीलरला माहिती आहे की तुम्ही घेणारे आहात, म्हणून त्याने तुम्हाला एकच आकडा दिला.

एक सोपी गोष्ट करा. घरातल्या दुसऱ्या कुणाच्या तरी फोनवरून त्याला विचारायला सांगा की माझ्याकडे या कंपनीचे ५०० शेअर आहेत, विकायचेत, काय रेट देता आणि पैसे कधी. जे उत्तर येईल ती तुमच्या शेअरची किंमत, घेतल्यानंतर पाचव्या मिनिटाची. मग इथे येऊन सांगा.

थोडा जुना इतिहास सांगतो, त्यातून बरंच कळेल. लहान कंपन्यांसाठी आपल्याकडे खास बाजार काढला होता, ओटीसीईआय, ओव्हर द काउंटर एक्स्चेंज. १९९० साली स्थापन झाला आणि १९९२ ला व्यवहार सुरू झाले, मुंबईत, यूटीआय आयसीआयसीआय आयडीबीआय अशा मोठ्या संस्था मागे होत्या. एनएसईच्याही आधी स्क्रीनवर सौदे करणारा हा बाजार. कल्पना इतकी चांगली होती की आजही मला तिचं कौतुक वाटतं, प्रत्येक कंपनीला मार्केट मेकर सक्तीचा, त्याने रोज घेण्याचा आणि देण्याचा दोन्ही भाव लावायचाच. म्हणजे लहान कंपनीच्या शेअरची जी मूळ अडचण, गिऱ्हाईक नसणं, तिच्यावरच बोट ठेवलं होतं. पण सौदेच होईनात, आणि सौदे नाहीत म्हटल्यावर मार्केट मेकर तरी किती दिवस स्वतःचं भांडवल अडकवून बसणार? शेवटी २०१५ मध्ये सेबीनं, म्हणजे शेअर बाजाराच्या नियामकानं, त्याला एक्झिट दिली, म्हणजे तो बंद झाला. आपलं पुण्याचं आणि बाकीची प्रादेशिक एक्स्चेंजही एकामागून एक बंद पडली. ज्या कंपन्या फक्त तिथेच लिस्टेड होत्या त्या डिसेमिनेशन बोर्ड नावाच्या एका यादीत गेल्या, जिथे फक्त आपली इच्छा नोंदवायची की मला विकायचंय, आणि मग वाट बघायची.

माझ्याकडे अजूनही लोक जुनी सर्टिफिकेटं घेऊन येतात. मागच्या दिवाळीत एक आजी आल्या होत्या, यजमानांनी ३० वर्षांपूर्वी घेतलेले शेअर, कंपनी चालू आहे, नफ्यात आहे, डिव्हिडंडचे चेक अधूनमधून येतात. आजींना नातीच्या शिक्षणाला पैसे हवे होते. कागदावर दोन लाखांची मालमत्ता आणि मी पंधरा दिवस फोन करून एक घेणारा शोधू शकलो नाही. फार वाईट वाटलं मला त्या दिवशी. कंपनी वाईट नव्हती हो. गिऱ्हाईक नव्हतं, एवढंच.

आणि उलटं उदाहरणही बघून ठेवा म्हणजे भाव या शब्दाची गंमत कळेल. एल्सिड इन्व्हेस्टमेंट्स, बीएसईवर लिस्टेड, पोटात एशियन पेंट्सचे शेअर, प्रत्येक शेअरमागे लाखो रुपयांची मालमत्ता. बोर्डावर भाव दिसायचा ३ रुपये ५३ पैसे. सेबीनं होल्डिंग कंपन्यांसाठी खास लिलावाची सोय केली आणि २९ ऑक्टोबर २०२४ ला एका दिवसात तो शेअर २,३६,२५० वर बंद झाला. लोक हळहळले की आपण साडेतीन रुपयाला का नाही घेतला. पण साडेतीनला तो फक्त दिसत होता, मिळत नव्हता, विकायला कोणी तयारच नव्हतं. तुमचा ३१० घेताना मिळतोय, विकताना नुसताच दिसेल की काय ते तपासा.

———

नाशिकची_सीए:

कायदा आणि टॅक्सचं मी सांगते, काकांनी भावाचं फार छान सांगितलंय.

कायदेशीर आहे का, तर हो, पब्लिक लिमिटेड कंपनीचा अनलिस्टेड शेअर दोन माणसांनी आपसात घेणं विकणं यात बेकायदेशीर काही नाही. पण वेबसाइट किंवा ॲप काढून तिथे अनोळखी लोकांचे सौदे जुळवणं हे मान्यताप्राप्त एक्स्चेंजचं काम आहे, आणि डिसेंबर २०२४ मध्ये सेबीनं अशा प्लॅटफॉर्मबद्दल सावध राहा असं जाहीर पत्रकच काढलंय. तुमच्यासाठी याचा अर्थ असा की तुम्हाला कॉन्ट्रॅक्ट नोट (सौद्याची अधिकृत पावती) मिळणार नाही, समोरच्याने शेअर दिले नाहीत तर क्लिअरिंग कॉर्पोरेशन (एक्स्चेंजवरचे सौदे पुरे करून देणारी संस्था) मध्ये पडणार नाही, आणि लिस्टेड शेअरसारखी ब्रोकरची एक्स्चेंजकडे तक्रार करायची सोय नाही. राहतं पोलिस स्टेशन आणि दिवाणी कोर्ट.

शेअर कसे येतात. २ ऑक्टोबर २०१८ पासून अनलिस्टेड पब्लिक कंपनीचे शेअर ट्रान्सफर करायला डीमॅटमध्येच असावे लागतात, कागदावरचे चालत नाहीत. विकणारा त्याच्या डीपीला (ज्याच्याकडे डीमॅट खातं आहे ती बँक किंवा ब्रोकर) डीआयएस स्लिप, म्हणजे शेअर पाठवायची चिठ्ठी, देतो किंवा सीडीएसएलच्या ईझीएस्टवरून ऑनलाइन करतो, त्यात कारण ऑफ मार्केट सेल, किती रकमेला ते, आणि ओटीपीने संमती. स्टॅम्प ड्युटी ०.०१५ टक्के, ती विकणाऱ्याकडून कापली जाते, तुमच्या १,५५,००० वर २३ रुपये २५ पैसे होतात. आयएसआयएन नंबर (शेअरचा ओळख क्रमांक) डीलरकडून आधी मागा आणि कंपनीच्या रजिस्ट्रारला (भागधारकांची नोंद ठेवणारी संस्था) फोन करून तो तपासा. पैसे फक्त बँकेतून, आणि ज्याच्या डीमॅटमधून शेअर येणार त्याच्याच नावाच्या खात्यावर. डीलर म्हणाला की माझ्या मेहुण्याच्या खात्यावर टाका तर तिथेच थांबा.

आता टॅक्स, आणि इथे मला तुमच्या पोस्टमधली एक गोष्ट वाचून धस्स झालं. तुम्ही खुशीत लिहिलंय की बुक व्हॅल्यू ४८० आणि मिळतोय ३१० ला. अनलिस्टेड शेअर त्याच्या नियमाने ठरलेल्या वाजवी किमतीपेक्षा कमी दराने घेतला आणि फरक ५०,००० च्या वर गेला तर तो अख्खा फरक घेणाऱ्याचं उत्पन्न धरतात. वाजवी किंमत काढायचं सूत्र बुक व्हॅल्यूवरच आधारलेलं आहे, वर कंपनीची जमीन आणि बिल्डिंग स्टॅम्प ड्युटीच्या आजच्या दराने धरायची. एमआयडीसीतला जुना प्लॉट पुस्तकात काही हजारांत असतो आणि रेडीरेकनरला कोटीत. ते बाजूला ठेवलं आणि ४८० च धरले तरी ४८० वजा ३१० म्हणजे १७०, गुणिले ५०० म्हणजे ८५,००० रुपये तुमच्या पगारात मिळवून स्लॅबने टॅक्स. शेअर अजून विकलाही नाही तोवर. हे डीलर कधीच सांगत नाहीत, बहुतेकांना माहीतच नसतं.

विकताना २४ महिन्यांनंतर विकला तर लाँग टर्म, १२.५ टक्के, इंडेक्सेशन (महागाईप्रमाणे खरेदीची किंमत वाढवून धरणं) नाही, आणि लिस्टेड शेअरला जी वर्षाला सव्वा लाखाची सूट आहे ती इथे नाही. २४ महिन्यांच्या आत विकला तर स्लॅबने. रिटर्न भरताना आयटीआर १ चालणार नाही आणि अनलिस्टेड शेअर्सचा तपशील दरवर्षी द्यावा लागतो, एकही शेअर विकला नसला तरी.

आणि दोन वर्षांपूर्वीच्या रिपोर्टवर काही ठरवू नका. एमसीएच्या (कंपनी व्यवहार मंत्रालय) साइटवर १०० रुपये भरले की कंपनीने दाखल केलेले कागद बघता येतात. ताजा ताळेबंद, ऑडिटरचा रिपोर्ट, कर्जाचे चार्जेस (कर्जापोटी मालमत्तेवरचे बोजे), आणि मुख्य म्हणजे संबंधित पक्षांशी व्यवहार ही नोट वाचा. मालकाच्या दुसऱ्या फर्मला किती उधारी दिलीय, जागा कुणाच्या नावावर आहे आणि कंपनी भाडं कुणाला भरते, लहान कंपनीची सगळी गोष्ट त्या एका पानावर असते.

———

तापीकाठचा:

मी यात पोळलोय म्हणून लिहितो, कुणाचं तरी वाचावं.

२०२१ ला मी असाच एका डीलरकडून शेअर घेतला, नाव सांगत नाही, कंपनीचंही आणि डीलरचंही. पैसे पाठवले सोमवारी, शेअर येणार होते मंगळवारी. आले नऊ दिवसांनी. ते नऊ दिवस मी घरात कुणाशी धड बोललो नाही, बायकोला सांगितलं नव्हतं, रात्री दोनदोनदा उठून डीमॅट बघायचो. मग आले, जीवात जीव आला, आणि मला वाटलं संपलं.

खरं तर तिथून सुरू झालं. सहा महिने लिस्टमध्ये भाव वर वर जात होता, मी एक्सेलमध्ये रोज नफा मांडायचो. २०२२ ला बहिणीच्या लग्नाला पैसे लागले म्हणून विकायला गेलो तर डीलर म्हणतो भाऊ सध्या बायर नाही. लिस्टवर भाव आहे ना? तर म्हणे तो इंडिकेटिव्ह, म्हणजे नुसता अंदाजाचा, आहे. आणखी तिघांना विचारलं, तिघांचं तेच उत्तर. चौदा महिने गेले. शेवटी ज्या भावाला घेतला त्याच्या ६० टक्क्यांत विकला आणि लग्नासाठी सोसायटीचं कर्ज काढलं ते वेगळंच.

लहान कंपनीचंच असं होतं असं समजू नका. रिलायन्स रिटेलचे अनलिस्टेड शेअर लोकांनी अडीच हजारांच्या वर घेतले होते, आयपीओ येणार म्हणून. जुलै २०२३ मध्ये कंपनीने बाहेरच्या भागधारकांचे शेअर १,३६२ रुपये देऊन रद्द करायचं ठरवलं. एचडीबी फायनान्शियलचा अनलिस्टेड भाव बाराशेच्या आसपास होता आणि जून २०२५ ला आयपीओ आला ७४० ला. आयपीओ आला म्हणजे पैसे झाले हा जो आपला समज आहे ना तो तिथेच मोडला. वर आयपीओआधी घेतलेल्या शेअरला सहा महिन्यांचा लॉक इन असतो, म्हणजे लिस्टिंगच्या दिवशी भाव वर गेला तरी तुम्ही नुसतं बघायचं. टाटा टेक्नॉलॉजीजमध्ये लोक कमावले हे पण खरं आहे, ते उदाहरण डीलर रोज देतात, ही दोन देत नाहीत.

दादा, वडिलांचे पैसे आहेत. घरी दवाखाना निघाला तर हा शेअर मोडता येणार नाही एवढं लक्षात ठेवा.

———

एडिसनकर:

मी न्यू जर्सीत असतो, मूळचा साताऱ्याचा. वरच्या सगळ्यांशी सहमत आहे पण एक दुसरी बाजू मांडतो, कारण मी गेली अकरा वर्षं असेच शेअर घेतोय, इथले, आणि मला ते मनापासून आवडतं.

इथे याला ओटीसी म्हणतात, पूर्वी गुलाबी कागदावर भाव छापून यायचे म्हणून पिंक शीट. अगदी लहान गावातल्या बँका, शंभर वर्षं जुने कारखाने, पाणीपुरवठा कंपन्या, दिवसाला दोनशे शेअरचे सौदे, कधी आठवडाभर एकही नाही. मोठ्या फंडाला यात शिरताच येत नाही कारण त्याला पाहिजे तेवढे शेअर मिळणारच नाहीत. म्हणून कधी कधी चांगली वस्तू खरंच स्वस्त पडलेली असते. हे खोटं नाही. गावातल्या बँकेचा रिपोर्ट घेऊन रविवारी सकाळी चहासोबत वाचत बसावं, मॅनेजरला फोन करावा तर तो स्वतः उचलतो, याच्यात मला जी मजा येते ती इंडेक्स फंडात कधी आली नाही.

पण नियम कडक ठेवावे लागतात. कायम लिमिट ऑर्डर (भाव मी ठरवणार), मार्केट ऑर्डर (मिळेल त्या भावाला) आयुष्यात नाही. समजा घेणारा १८ ला आहे आणि देणारा २१ ला, तर मी साडेअठराला ऑर्डर लावून बसतो, मिळाले तर मिळाले. एका कंपनीचे ४०० शेअर जमवायला मला सात महिने लागले. आणि एका कंपनीत एकूण पैशाच्या दोन टक्क्यांच्या वर कधीच नाही. सप्टेंबर २०२१ मध्ये इथे नियम बदलला, ज्या कंपन्या आपली ताजी माहिती जाहीर करत नाहीत त्यांचे भाव ब्रोकरने लोकांना दाखवायचे नाहीत असं झालं. एका रात्रीत कितीतरी शेअर एक्स्पर्ट मार्केट नावाच्या कप्प्यात गेले, मला विकता येतात पण घेणारे सामान्य लोक राहिलेच नाहीत. माझ्याकडच्या दोन कंपन्या त्यात गेल्या. दोन टक्के दोन टक्केच होत्या म्हणून झोप उडाली नाही.

आता तुमच्या कंपनीबद्दल, एक हिशोब मला खटकला. बुक व्हॅल्यू ४८० आणि कमाई २७. म्हणजे मालकाने जितके पैसे धंद्यात गुंतवलेत त्यावर वर्षाला साडेपाच टक्के सुटतात. वडिलांच्या एफडीनं यापेक्षा जास्त दिलं असेल. बुकच्या खाली मिळतोय म्हणून तो स्वस्त होत नाही, धंदा भांडवलावर इतकं कमी कमावत असेल तर तो बुकच्या खालीच मिळायला पाहिजे. आणि ३१० वर ६ रुपये डिव्हिडंड म्हणजे दोन टक्केसुद्धा नाही. तुमच्या हातात कंपनीची किल्ली नाही, ती मालमत्ता विकून पैसे वाटा असं तुम्ही सांगू शकत नाही. त्यामुळे तुमच्यापर्यंत जे पोचतं ते सहा रुपये.

लहान कंपन्यांची आवड असेल तर आधी बीएसईवरच्या कमी सौदे होणाऱ्या कंपन्या बघा. तिथेही अडकायला होतं पण निदान घेणाऱ्या देणाऱ्याचे पाच पाच भाव स्क्रीनवर दिसतात आणि सौदा झाला की पैसे येतात.

———

तासगावची_वाचक:

एडिसनकरांच्या शेवटच्या मुद्द्यात थोडी भर. बीएसईवर घेताना तो शेअर टी ग्रुपमध्ये (ट्रेड टू ट्रेड) किंवा ईएसएम, जीएसएम या जादा देखरेखीच्या याद्यांमध्ये आहे का बघून घ्या, बीएसईच्या साइटवर दिसतं. ट्रेड टू ट्रेडला डिलिव्हरी घ्यावीच लागते आणि ईएसएमच्या दुसऱ्या टप्प्यात गेला तर सौदे फार आवळले जातात. लोअर सर्किट (दिवसात भाव पडण्याची मर्यादा) लागलं की विकणाऱ्यांची रांग आणि घेणारा शून्य, ५ टक्के रोज असे दहाबारा दिवस मी बघितलेत. आणि यूट्यूबवर कुणी नाव सांगितलं म्हणून तर अजिबात नको, साधना ब्रॉडकास्टच्या प्रकरणात सेबीनं मार्च २०२३ ला आदेश काढला तो वाचा, व्हिडिओ टाकून भाव चढवला आणि वरच्या भावाला आपले शेअर लोकांच्या गळ्यात घातले.

आणि मिरजकर, एक विचारू का, मामा तिथे २२ वर्षं होते ना. मग डीलर कशाला? जुन्या कामगारांकडे, निवृत्त लोकांकडे शेअर असतीलच की. आमच्याकडे एका कंपनीने सुरुवातीला कामगारांना दहा रुपयाने दिले होते.

———

मिरज_कृष्णाकाठ:

सगळ्यांचे मनापासून आभार. चार दिवस लागले पण सगळं करून आलोय, सांगतो.

पहिलं, काकांनी सांगितलं तसं मेहुण्याच्या फोनवरून विचारलं की ५०० शेअर विकायचेत. उत्तर आलं २३८. आणि पैसे शेअर दिल्यावर नाही, पुढे गिऱ्हाईक मिळाल्यावर. म्हणजे मला ३१० ला देणार आणि माझ्याकडून २३८ ला घेणार, तेही उधार. ७२ रुपयांचा फरक, ५०० शेअरवर ३६,०००. मी हे वडिलांना सांगितलं तर ते दोन मिनिटं काही बोललेच नाहीत. मग म्हणाले, सोनारसुद्धा एवढी घट धरत नाही रे.

दुसरं, १०० रुपये भरून कागद बघितले. ताजं वर्ष डीलरने पाठवलेल्या वर्षापेक्षा हलकं आहे, ईपीएस २१. बुक व्हॅल्यू थोडी वाढून ४९१. ताईंनी सांगितलेली नोट वाचली, शेड कंपनीच्याच नावावर आहे, भाड्याची भानगड नाही, पण मालकांच्या मुलाच्या मशीनिंग फर्मकडून येणं (उधारी) बरंच आहे आणि दोन वर्षांत वाढलंय. मामांना विचारलं तर म्हणाले हो, माल आधी तिकडे जातो, मशीनिंग होऊन गिऱ्हाइकाकडे. आयपीओचं मामांनी ऑफिसातल्या ओळखीच्यांकडे विचारलं, कुणालाच काही माहीत नाही, हसले म्हणे. डीलरचा विषय मी बंद केला.

तिसरं, तासगावच्या ताईंचा मुद्दा एकदम बरोबर निघाला. मामांच्या बरोबरीचे एक काका आहेत, मोल्डिंगला होते, त्यांच्याकडे ३०० शेअर आहेत, १० रुपयाने मिळालेले, मुलाने डीमॅट करून दिलेत. त्यांना गुडघ्याच्या ऑपरेशनला पैसे हवेत आणि डीलरने त्यांना २१० सांगितले होते. मी म्हटलं मी १०० घेतो २५० ने, माझे स्वतःचे पैसे, वडिलांचे नाही. २५,००० म्हणजे माझ्या एकूण गुंतवणुकीच्या दोन टक्क्यांच्या आतच बसतात. परतावा फार येईल असं नाही, एडिसनकरांचा हिशोब पटलाय, पण ज्या कारखान्याच्या भोंग्यावर आमच्या घरचं घड्याळ चालायचं त्याचा थोडा हिस्सा असावा असं वाटतं, आणि रिपोर्ट दरवर्षी घरी येईल तो मामांबरोबर बसून वाचता येईल. टॅक्सचा फरक ४९१ वजा २५० गुणिले १०० म्हणजे २४,१००, पन्नास हजारांच्या खाली. ताई, बरोबर ना?

———

नाशिकची_सीए:

तुमच्या बाजूने बरोबर आहे, फक्त त्या वर्षात असं दुसरं काही स्वस्तात मिळालं तर ते सगळं मिळून पन्नास हजार मोजतात, आणि जमिनीचा आजचा दर धरून ४९१ चा आकडा वर जाईल हे धरून ठेवा. एखाद्या सीएकडून सूत्राप्रमाणे किंमत काढून कागद फाईलला लावा.

पण विकणाऱ्या काकांचा विचार केला का? अनलिस्टेड शेअर वाजवी किमतीच्या खाली विकला तर विकणाऱ्याला टॅक्ससाठी वाजवी किंमतच धरावी लागते, आणि त्याला ती पन्नास हजारांची सवलत नाही. म्हणजे हातात येणार २५० आणि नफा मोजणार ४९१ वजा १०. १०० शेअरवर ४८,१०० चा लाँग टर्म नफा, १२.५ टक्क्यांनी ६,०१२ रुपये, आणि वरून सेस. त्यांचं बाकीचं उत्पन्न करमुक्त मर्यादेच्या आत असेल तर उरलेल्या मर्यादेत हा नफा बसवता येतो आणि टॅक्स लागणार नाही, पण पेन्शन किंवा एफडीचं व्याज जास्त असेल तर लागेल. त्यांना आधी सांगा, मग सौदा करा.

———

मिरज_कृष्णाकाठ:

हे मला सुचलंच नव्हतं. आज संध्याकाळी काकांकडे जाऊन आलो, पासबुक आणि एफडीच्या पावत्या घेऊन आम्ही दोघं बसलो होतो. पेन्शन फार नाही, व्याजही थोडंच, सगळं मर्यादेच्या बरंच आत आहे असं दिसतंय, तरी मी म्हटलं की तुमच्या सीएला एकदा दाखवा, आणि टॅक्स लागलाच तर तो मी देतो. ते म्हणाले मुलगा शनिवारी इचलकरंजीहून येतोय, ईझीएस्टचं लॉगिन त्याच्याकडेच आहे, त्याच्याशी बोलून सांगतो. ऑपरेशन पुढच्या महिन्यात आहे. बाकीच्या २०० शेअरसाठी मामा आणखी दोघांशी बोलतायत, त्यांनाही डीलरचे २१० आणि त्यामागचं सगळं मी लिहून दिलंय.

———

जुना_रिंगवाला_पुणे:

दोघांत मिळून २०० होत नसतील तर मला सांगा. माझ्या ओळखीत कोल्हापूरला दोन जण फाउंड्रीतलेच आहेत, त्यांना विचारतो. दलाली नको.